फणसाडला निघालास, तर एवढं ऐक

अरे, सूनबाईचा फोन आला होता. म्हणाली, ताडोबाचं आरक्षण मिळालं नाही म्हणून तुम्ही मुलांना घेऊन फणसाडला निघालाय. पोरांना वाघाचं सांगून ठेवलं होतं, ती आता रुसून बसलीत. तर आधी त्यांची समजूत नीट घाल. फणसाडला वाघ नाही, हे घरीच सांगून टाक. मग तिथे जे आहे ते सांग: शेकरू, भेकर, सांबर, रानडुक्कर, वानरं, आणि नशिबात असलाच तर बिबट्या. ताडोबाच्या बदल्यात बघायचं हे जंगलच नव्हे. मुरूड आणि रोह्याच्या मधल्या डोंगरांत, समुद्राच्या कडेला, जेमतेम सत्तर चौरस किलोमीटरचं रान आहे ते. जंजिऱ्याच्या नवाबाने शिकारीसाठी राखलेलं, म्हणून कुऱ्हाडीतून वाचलं, आणि १९८६ साली अभयारण्य झालं. एवढ्याशा रानात माणूस जितका जास्त फिरतो तितकं त्याला कमी दिसतं. तू तिथे बसायला जा.

मुंबईहून पहाटे निघून दहाला पोचणं आणि दुपारी काशिदच्या किनाऱ्यावर जेवणं, असा बेत असेल तर मोड. दहा वाजता जंगल सावलीला गेलेलं असतं. आदल्या दिवशीच रेवदंड्याचा पूल ओलांडून साळाव, कोर्लई, काशिद करत सुपेगाव गाठ. अभयारण्याचं दार तिथेच आहे. वनखात्याच्या राहण्याच्या सोयीची आधी चौकशी कर, नाहीतर काशिद-मुरूडला मुक्काम ठेव. शनिवार-रविवार टाळता आला तर फारच उत्तम, कारण किनाऱ्यावरची गर्दी उन्हं चढली की गाणी लावत वर येते.

सकाळी पावती फाडलीस की गावातला वाटाड्या घे. रस्ता कळत असला तरी घे. त्या माणसाने ते रान लहानपणापासून पायाखाली घातलेलं असतं. चार पैसे गावात राहिले तर गावाला रान आपलं वाटतं, आणि रान टिकतं ते गावामुळे. त्याला 'अरे-तुरे' करू नकोस, मुलांनाही 'काका' म्हणू दे. 'काय दाखवाल?' असं विचारू नकोस. 'आज पहाटे काय ऐकलंत?' असं विचार. चालताना तो पुढे, मुलं मध्ये आणि तू शेवटी.

आता बसण्याचं. फणसाडमध्ये पाण्याच्या जागांना गाण म्हणतात. चिखलगाणीचं नाव वाटाड्याच्या तोंडून ऐकशीलच. उन्हाळा चढत जातो तसे ओहोळ आटतात आणि जनावर या थोड्या पाण्यावर येऊ लागतं. पाण्याला अगदी लागून बसू नका, जनावराची वाट अडते. पंचवीस-तीस पावलं मागे, झाडाच्या बुंध्याला पाठ लावून बसा. बसण्याआधी चिमूटभर सुकी माती हातातून सोड आणि ती कुठे उडते ते बघ. वारा पाण्याकडून तुमच्या तोंडावर आला पाहिजे. तुमच्याकडून पाण्याकडे जात असेल तर जागा बदला, कारण सांबराला आणि भेकराला माणूस दिसण्याच्या कितीतरी आधी त्याचा वास येतो. म्हणून त्या दिवशी अत्तर नको, वासाचं तेल नको. कपडे मळखाऊ रंगाचे, जुने, धुऊन विरलेले. नव्या कोऱ्या कापडाची सळसळही ऐकू जाते.

पहिला अर्धा तास काहीच होणार नाही. मुलं चुळबुळतील, 'चला ना' म्हणतील. त्यांना तेव्हा उठवू नकोस. तुम्ही येताना जो गलबला झाला तो विसरायला रानाला तेवढा वेळ लागतो. मग आधी पाखरं येतात. पाचू होला पानांतून चालत येतो, उडत नाही. हिरवे पंख उन्हात आले की मुलांना बरोब्बर दिसेल. ओल्या चिखलावर फुलपाखरं बसतात, त्यात काळं, निळ्या पट्ट्यांचं मोठं दिसलं तर ते नीलवंत. २०१५ साली ते महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू ठरलं. आणि भेकर आलं तर ते सरळ येत नाही. दोन पावलं टाकतं, पुढचा एक पाय उचलून तसंच थांबतं, कान फिरवतं, पुन्हा दोन पावलं. त्या थांबण्यात तुमची पापणी हलली तरी ते जातं. कॅमेरा अशा वेळी डोळ्याला लावायचा नाही. आधीपासून लावलेला असेल तर ठीक, नाहीतर नुसतं बघावं.

डोळ्यांपेक्षा कानांवर जास्त भिस्त ठेव. वानरं 'हूप हूप' करत उड्या मारत असतील तर त्यांचं बरं चाललंय. पण एखादं उंच फांदीवर बसून एकाच दिशेला बघत 'खॉक, खॉक' असं खोकल्यागत ओरडू लागलं, तर त्याला बिबट्या दिसलाय असं समज. भेकराला संशय आला तर ते कुत्र्यासारखं भुंकतं आणि थांबून थांबून बराच वेळ भुंकत राहतं. दोघं एका बाजूला ओरडत असतील तर वाटाड्याच्या तोंडाकडे बघ आणि तो सांगेल तसं कर. एकाच गोष्टीला फसू नकोस: भृंगराज. शेपटीला दोन लांब तारा असलेला हा काळा पक्षी दुसऱ्यांचे आवाज हुबेहूब काढतो, धोक्याचेसुद्धा.

शेकरूसाठी मात्र मान वर. फांद्यांच्या बेचक्यात काटक्या-पानांचा मोठा गोळा दिसला की ते त्याचं घरटं. एकच शेकरू अशी बरीच घरटी बांधतं, त्यामुळे घरटं दिसलं म्हणजे शेकरू आत आहेच असं नाही. त्याचा माग खालून लागतो. झाडाखाली ताजी कुरतडलेली सालं, फळांची टरफलं पडलेली असतील तर तिथेच बस. थोड्या वेळाने वरून टप टप कचरा पडू लागेल. ते मागच्या पायांनी फांदीला धरून उलटं लटकतं, पुढच्या दोन्ही पायांत फळ फिरवत खातं, आणि तांबूस, झुबकेदार शेपूट तोल सांभाळत खाली लोंबत असते. आपलं राज्य प्राणी आहे ते. मुलांना एवढं जरूर सांग, की शेकरू सहसा जमिनीवर उतरत नाही, फांदीवरून फांदीवर उडी घेत जातं. म्हणजे त्याला एकमेकांना भिडलेली झाडं लागतात. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळाने रायगडचा किनारा झोडपला तेव्हा मोठमोठी झाडं आडवी झाली. मोठ्या जंगलात असं झालं तर जनावर सरकून बाजूला जातं. सत्तर चौरस किलोमीटरमध्ये सरकायला जागा कुठे आहे? म्हणून म्हणते, लहान रानात आपण जास्त जपून वागायचं.

सध्या माघ आहे, काटेसावर फुललेली असेल. खाली पडलेली तांबडी फुलं खायला भेकर येतं, वर मैना, कोतवाल, सूर्यपक्षी जमतात. बसायला गाणीपेक्षा ती जागाही वाईट नाही. अंजनीही थोड्या दिवसांत फांद्यांना लगडून निळी-जांभळी होईल. पण याच दिवसांत खाजकुयली असते, आणि तिची मला बिबट्यापेक्षा जास्त काळजी वाटते. वेलीवर तपकिरी, मखमली, वाकड्या शेंगा लोंबतात. मुलांना त्या हात लावाव्याशा वाटणारच. तिची कुसं अंगाला लागली की आग होते, आणि चोळलं की ती आणखी पसरतात. लगेच पाणी ओतू नकोस, खाजवू देऊ नकोस. चिकटपट्टी अंगावर दाबून उचल, कुसं तिच्यासोबत निघतात. मग धू. पिशवीत चिकटपट्टीचं रीळ आठवणीने टाक. शेंगा आधीच ओळखून मुलांना लांबून दाखवल्यास तर उत्तमच.

सापांचं थोडक्यात. पूर्ण पायजमे, घोट्याच्या वर येणारे बूट. आडव्या ओंडक्यावरून थेट पलीकडे पाय टाकायचा नाही. ओंडक्यावर उभं राहून पलीकडे बघायचं, मग उतरायचं. फुरसं दगडांत असतं. हिरवा चापडा फांदीवर पानांसारखा बसून राहतो, म्हणून आधाराला फांदी धरताना आधी बघावी. चुकून चावलाच, तर कापू नका, चोखू नका, करकचून बांधू नका. तो भाग हलू न देता सरळ सरकारी रुग्णालय गाठा. बिबट्या समोर आला तर मुलांना उचलून घ्या, पळू नका, पाठ न दाखवता हळूहळू मागे सरका. तो आपणच निघून जातो. त्याचं पाऊल मातीत दिसलं तर मुलांना दाखव: चार बोटं, मागे गादी, आणि नखं उमटलेली नाहीत. नखं दिसली तर बहुधा गावचं कुत्रं.

खाण्याची पुडकी आत उघडायची नाहीत. वानराला एकदा दिलं की ते मागायला शिकतं, मग हिसकावायला, आणि शेवटी लोक त्यालाच दगड मारतात. गळून पडलेलं सांबराचं शिंग सापडलं तर तिथेच राहू दे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे ते घरी आणणं गुन्हा आहे. पिसं, बिया, गारंबीची हातभर लांब शेंगसुद्धा नाही. धाकट्याला ती हवीच असेल तर शेजारी झोपवून त्याची उंची मोजू दे आणि परत ठेव.

परत आल्यावर आंघोळीच्या आधी सगळ्यांचं अंग नीट तपास: कानांमागे, काखेत, कमरेच्या नाडीखाली, गुडघ्यामागे. गोचीड चिकटलेली दिसली तर रॉकेल नको, काडीने चटका नको. बारीक चिमट्याने कातडीच्या अगदी जवळ धरून सरळ ओढून काढ आणि जागा साबणाने धू. सिंधुदुर्गात दोडामार्गकडे माकडताप पसरला तो गोचिडींमुळेच, तेव्हा हयगय नको. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत कुणाला ताप आला, तर डॉक्टरांना 'आम्ही जंगलात जाऊन आलो' हे पहिल्या वाक्यात सांग.