मद्रास विद्यापीठाचे ग्रंथालय आणि डॉ. रंगनाथन
(द्वितीय वर्ष, कला)

१९२३ साली मद्रास विद्यापीठाने ग्रंथपालाची एक जागा निर्माण केली आणि अर्ज मागविले. सुमारे नऊशे अर्ज आले असे सांगतात. परंतु त्या नऊशेंत ग्रंथालयाच्या कामाचे रीतसर शिक्षण घेतलेला एकही उमेदवार नव्हता. ह्यात नवल वाटण्याचे कारण नाही. सयाजीराव महाराजांनी १९१० साली बॉर्डेन नावाच्या अमेरिकन तज्ज्ञास बडोद्यास आणून ग्रंथालयांची घडी बसविली व ह्या कामाचे वर्गही सुरू करविले. पुढे लाहोरला असाच एक वर्ग निघाला. एवढे सोडले तर ग्रंथपाल होण्यासाठी काही शिकावे लागते ही कल्पनाच आपल्या देशात नव्हती. पुस्तके सांभाळणारा तो ग्रंथपाल, अशी सरळ समजूत होती. ती समजूत आजही पुष्कळ ठिकाणी आहे, आणि हा लेख लिहिण्याचे तेही एक कारण आहे.

निवड झाली ती शियाळी रामामृत रंगनाथन ह्यांची. वय एकतीस, मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात गणिताचे अध्यापक. त्यांना ही जागा मनापासून नको होती. पगार अधिक आहे, अर्ज तर करा, असे स्नेह्यांनी सांगितले म्हणून अर्ज केला. मुलाखतीपूर्वी 'एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका'तील ग्रंथालयांवरचा लेख वाचून गेले, एवढीच काय ती तयारी. जानेवारी १९२४ मध्ये ते रुजू झाले आणि थोड्याच दिवसांत त्यांचा जीव उबगला. वर्गात समोर मुले असत, प्रश्न विचारीत, वाद घालीत. येथे कपाटे होती आणि शांतता होती. दिवसभर कोणी फिरकत नसे. त्यांनी विद्यापीठाकडे धाव घेतली : मला माझ्या वर्गात परत जाऊ द्या. विद्यापीठाने सांगितले, आधी इंग्लंडला जाऊन हे काम शिकून या. त्यानंतरही नको वाटले तर खुशाल परत जा.

रंगनाथन गेले. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील ग्रंथालयशास्त्राच्या विभागात त्यांना बरविक सेयर्स हे शिक्षक लाभले. सेयर्स हे क्रॉयडनच्या सार्वजनिक ग्रंथालयाचे मुख्य ग्रंथपाल. वर्गातील शिकवणीपेक्षा चालती ग्रंथालये पाहा, असा त्यांचा सल्ला. रंगनाथन शंभरावर ग्रंथालये हिंडले. कामगार कामावरून येताना पुस्तक बदलून नेतो आहे, मुलांसाठी वेगळी खोली आहे, वाचक स्वतः कपाटापाशी उभा राहून पुस्तके चाळतो आहे, असे त्यांनी तेथे पाहिले. मद्रासमधील शांततेचे कारण तेथे त्यांच्या ध्यानात आले असले पाहिजे. वाचक येत नाही ह्याचा अर्थ त्याला वाचायचे नाही असा नसतो. त्याला आत येऊ देण्याची व्यवस्था नसते.

जुलै १९२५ मध्ये ते परतले, ते पुन्हा गणिताच्या वर्गात गेले नाहीत. पुढची जवळजवळ वीस वर्षे ते ह्याच ग्रंथालयात राहिले. कपाटे वाचकांना मोकळी झाली. ह्या पद्धतीस आपल्याकडे मुक्तद्वार पद्धत म्हणतात. ग्रंथालय उघडे राहण्याचे तास वाढले. वाचकाला हवे ते शोधून देण्यासाठी संदर्भसेवेची माणसे नेमली गेली. ह्या माणसांचे महत्त्व रंगनाथन किती मानीत, ते एका गोष्टीवरून कळते. १९४० साली संदर्भसेवेवर त्यांचा जो ग्रंथ निघाला, त्यावर त्यांच्या नावाशेजारी सी. सुंदरम ह्या सहकाऱ्याचेही नाव आहे. १९३६ मध्ये ग्रंथालय समुद्रकिनाऱ्यावर, मरीनावर, स्वतःच्या इमारतीत गेले.

ह्या काळातील त्यांचे सर्वांत गाजलेले काम म्हणजे द्विबिंदू वर्गीकरण. त्याची हकिगत मनोरंजक आहे. १९२४ साली लंडनच्या सेल्फ्रिज ह्या मोठ्या दुकानात त्यांनी 'मेकॅनो' नावाच्या खेळण्याचे प्रात्यक्षिक पाहिले. छिद्रे असलेल्या पट्ट्या, चाके, नट आणि बोल्ट. तेच तुकडे निरनिराळ्या तऱ्हेने जोडून कधी पूल होतो, कधी यारी, कधी गाडी. रंगनाथन ह्यांच्या मनात आले, पुस्तकांच्या विषयांचेही असेच करता येईल. जगातील सर्व विषयांची आधीच यादी करून प्रत्येकाला एक घर ठरवून देण्याऐवजी विषयाचे सुटे भाग ठरवावेत आणि पुस्तक हाती आले की ते भाग जोडून त्याचा अंक तयार करावा. उदाहरणार्थ, महाराष्ट्रातील ज्वारीवरील किडीचे नियंत्रण, हा विषय घ्या. त्यात शेती हा मुख्य वर्ग, ज्वारी हे पीक, मग कीड, मग नियंत्रणाची क्रिया, मग स्थळ, आणि पुस्तक एखाद्या दशकापुरते असेल तर काळ. एकेका तुकड्यास एकेक खूण आणि खुणांच्या मध्ये जोड देणारे द्विबिंदूचे चिन्ह : म्हणजे तो नट-बोल्ट. ही पद्धत १९३३ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली.

ह्याची गरज काय होती, हे समजण्यासाठी आपण आपल्याच ग्रंथालयातील पुस्तकांच्या पुठ्ठ्यावरचे अंक पाहावेत. मराठी साहित्याच्या पुस्तकांवर ८९१.४६ असा अंक असतो. हा मेलविल ड्युई ह्या अमेरिकन ग्रंथपालाच्या १८७६ च्या दशांश वर्गीकरणातून आला. त्यात साहित्याला ८०० ते ८९९ ही जागा. ८१० अमेरिकेचे, ८२० इंग्रजी, ८३० जर्मन, ८४० फ्रेंच, ८५० इटालियन, ८६० स्पॅनिश, ८७० लॅटिन, ८८० ग्रीक, आणि ८९० म्हणजे राहिलेले सारे जग. त्या राहिलेल्यांत पुन्हा पोटभाग पाडीत गेले की दशांश चिन्हापलीकडे आपली मराठी सापडते. धर्माच्या विभागातही तेच : पहिली बहुतेक जागा ख्रिस्ती धर्माने घेतलेली, हिंदू धर्म २९४.५ येथे. ह्यात ड्युई ह्यांचा दुष्टपणा शोधू नये. अमेरिकेतील एका कॉलेजच्या फडताळांवर जी पुस्तके होती, त्यांच्यापुरता त्याने विचार केला. पण गावाच्या वेशीबाहेर घर दिले म्हणजे घर दिले असे म्हणता येत नाही, हे आपल्याकडच्या पुष्कळांना सांगावे लागत नाही.

तथापि हेही सांगितले पाहिजे की द्विबिंदू पद्धत ग्रंथालयांच्या अंगवळणी पडली नाही. तिचे अंक लांबलचक, चिन्हांनी भरलेले. आवृत्ती बदलली की नियम बदलत. सातवी आवृत्ती त्यांच्या मृत्यूनंतर १९८७ मध्ये निघाली. जगभरच्या अभ्यासकांनी त्या विचाराचे कौतुक केले, आणि कपाटांवर मात्र ड्युईच राहिला. माझ्या मते रंगनाथन ह्यांचे मोठेपण त्या अंकांपेक्षा त्यांच्या पाच सूत्रांत अधिक आहे.

ही सूत्रे १९२८ च्या सुमारास मनात घोळत होती आणि १९३१ साली पुस्तकरूपाने आली. पहिल्या सूत्राची वाट त्यांचे गणिताचे जुने गुरू एडवर्ड रॉस ह्यांनी दाखविली. शिष्य बराच वेळ आपली अडचण सांगत होता. रॉस ह्यांनी घरी निघता निघता एका वाक्यात सांगून टाकले की तुला म्हणायचे आहे ते एवढेच, पुस्तके वापरण्यासाठी असतात. बाकीची सूत्रे मग त्यातून आपोआप निघाली : प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळाले पाहिजे, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे, वाचकाचा वेळ वाया जाता कामा नये, आणि ग्रंथालय हे वाढते राहणारे शरीर आहे. वाचताना वाटते, ह्यात काय विशेष? हे तर कोणीही सांगेल. पण पहिले सूत्र खरे मानले की कुलूप कशासाठी, असा प्रश्न येतोच. दुसरे खरे मानले तर शेतकरी आणि मजूर हेही वाचक ठरतात. त्याच १९३१ साली तंजावर जिल्ह्यात मन्नारगुडी येथे पुस्तकांची बैलगाडी खेड्याखेड्यांतून फिरू लागली, ती ह्याच विचाराच्या वाऱ्यावर. सरकारनेच ग्रंथालये चालवावीत म्हणून त्यांनी खटपट केली आणि १९४८ मध्ये मद्रास राज्यात कायदा झाला, मालमत्तेच्या करावर ग्रंथालयाचा उपकरही बसला. आपल्या महाराष्ट्राचा कायदा १९६७ चा. त्यात असा उपकर नाही.

मला ह्यातील तिसरे सूत्र सर्वांत महत्त्वाचे वाटते. आमच्यासारख्या अनेक महाविद्यालयांत पुस्तके जाळीपलीकडे असतात. विद्यार्थ्याने चिठ्ठीवर पुस्तकाचे नाव, लेखकाचे नाव आणि जमल्यास दाखलांक लिहून द्यायचा. वरवर पाहता ही सर्वांना सारखी वागणूक आहे. पण ज्याच्या घरात पुस्तके आहेत, ज्याचे आईवडील किंवा थोरला भाऊ शिकलेला आहे, त्याला नावे ठाऊक असतात. ज्याच्या घरी शाळेच्या पाठ्यपुस्तकांखेरीज छापील कागद म्हणजे दिनदर्शिका आणि सोसायटीची पावती, त्याने चिठ्ठीवर काय लिहावे? प्रथम वर्षात आमच्यापैकी बहुतेकांनी 'इतिहासाचे पुस्तक' एवढेच लिहून चिठ्ठ्या दिल्या होत्या आणि त्या परत आल्या होत्या. पुस्तक पाहिल्याशिवाय त्याचे नाव कळत नाही, आणि नाव कळल्याशिवाय पुस्तक पाहता येत नाही. हा फेरा मुक्तद्वार पद्धतीने तुटतो. कपाटापुढे उभे राहिले की हव्या त्या पुस्तकाच्या उजव्या-डाव्या बाजूची चार पुस्तकेही हाती येतात. वर्गीकरणाचा एवढा खटाटोप करायचा तो ह्यासाठीच. शेजारशेजारची पुस्तके वाचकाने पाहायचीच नसतील, तर ती दाखलांकाच्या ओळीने लावली तरी काय बिघडले?

आमच्याकडे हा फेरा काही वर्षे एका माणसाने तोडला होता. ग्रंथालयातील परिचर, ज्यांना सगळे मामा म्हणत, ते स्वतः सातवीपर्यंत शिकलेले. पण चिठ्ठी घेऊन आत गेले की मागितलेल्या पुस्तकाबरोबर आणखी दोन पुस्तके घेऊन येत आणि 'हेपण बघ, मागच्या वर्षीची पोरं हेच नेत होती' असे म्हणत. रंगनाथन ज्याला संदर्भसेवा म्हणत ती ह्याहून फार वेगळी नव्हे. मामा निवृत्त झाले. ती जागा भरली गेली नाही. आता काउंटरजवळ संगणक आहे, त्यात पुस्तकांची यादी आहे, आणि यंत्र चांगले चालते. परंतु त्या चौकटीतही आधी नाव किंवा विषय टाकावा लागतो, आणि शब्द थोडा चुकला तर समोर काहीच येत नाही. चिठ्ठीची जागा चौकटीने घेतली एवढेच. मामा चिठ्ठीवरचा चुकलेला शब्द दुरुस्त करून घेत असत.

कपाटे उघडी केली तर पुस्तके चोरीस जातील, हा मुख्य आक्षेप. तो खोटा नाही. पानेही फाडली जातात, विशेषतः परीक्षेच्या आधी. आणि पुस्तक हरवले तर ग्रंथपालांना जाब द्यावा लागतो, हेही आपण विद्यार्थी सोयीस्करपणे विसरतो. त्यांच्या जागी आपण असतो तर आपणही कुलूप लावले असते. पण ह्याचा विचार सरकारनेही केलेला आहे. केंद्र सरकारच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत असे म्हटले आहे की वर्षात वाचनासाठी दिलेल्या वा चाळलेल्या दर हजार ग्रंथांमागे पाच ग्रंथांची तूट वाजवी समजावी, मात्र त्यामागे अप्रामाणिकपणा किंवा हयगय नसावी. हजार रुपयांपेक्षा अधिक किमतीचा किंवा दुर्मिळ ग्रंथ गेला तर मात्र चौकशी. हे नियम आमच्यासारख्या अनुदानित महाविद्यालयास थेट लागू होत नाहीत. तरी हजारी पाच हे माप डोळ्यांपुढे ठेवण्यास हरकत नसावी. जे पुस्तक वीस वर्षे कोणी हाती घेतले नाही, तेही एका अर्थाने हरवलेलेच आहे. त्याची नोंद कोणत्याही तुटीच्या यादीत होत नाही.

रंगनाथन मद्रास सोडून १९४५ मध्ये बनारसला गेले आणि तेथील विद्यापीठाच्या सुमारे लाखभर पुस्तकांचे वर्गीकरण त्यांनी जवळजवळ एकट्याने केले. मग दिल्ली, मग परदेश, आणि १९६२ मध्ये बंगलोरचे संशोधन केंद्र. १९५६ साली आयुष्यभराची शिल्लक, एक लाख रुपये, त्यांनी मद्रास विद्यापीठास ग्रंथालयशास्त्राच्या अध्यासनासाठी दिली; अध्यासनाला पत्नीचे, शारदाबाईंचे, नाव आहे. २७ सप्टेंबर १९७२ रोजी ते वारले. त्यांचा जन्मदिवस, १२ ऑगस्ट, ग्रंथपाल दिन म्हणून पाळतात. आपल्याकडेही त्या दिवशी तसबिरीस हार घातला जातो आणि पुस्तकांचे प्रदर्शन भरते. टेबलांवर मांडलेली ती पुस्तके हातात घेता येतात, म्हणून त्या दिवशी गर्दी होते, हे ज्यांनी पाहिले असेल त्यांना आठवत असेल.

ह्या वर्षी आम्ही काही विद्यार्थ्यांनी ग्रंथालय समितीकडे एक अर्ज दिला आहे. सर्व कपाटे उघडा असे त्यात म्हटलेले नाही. मराठी आणि इतिहास ह्या दोनच विभागांची कपाटे शनिवारी दुपारी दोन तास मोकळी ठेवावीत, पिशव्या बाहेर ठेवाव्यात, आणि सत्राच्या शेवटी त्या दोन विभागांची मोजणी करावी, एवढीच मागणी आहे. मोजणीचे काम आम्ही करू. ग्रंथपाल सरांनी अर्ज वाचून दाखलनोंदीची वही कशी तपासतात ते आम्हांला शिकविण्याचे कबूल केले आहे. समितीची बैठक अजून व्हायची आहे.