काकांच्या फ्लॉप्या आणि अडलेला ड्राइव्ह

विद्यार्थी मित्रांनो, संगणकावर ‘सेव्ह’ करताना आपण ज्या चौकोनी चित्रावर क्लिक करतो, ती वस्तू तुमच्यापैकी बहुतेकांनी हातातही घेतली नसेल. ती म्हणजे फ्लॉपी. साडेतीन इंची फ्लॉपीच्या दोन बाजूंवर प्रत्येकी ८० वर्तुळाकार मार्ग, प्रत्येक मार्गावर १८ भाग आणि प्रत्येक भागात ५१२ बाइट असतात. गुणाकार करा: १४,७४,५६० बाइट! आजच्या मोबाइलमधील एक फोटोदेखील बहुधा त्यात मावणार नाही.

पेडण्याच्या आमच्या घरी थोरल्या काकांनी भजनी मंडळाची जुनी पदे अकरा फ्लॉप्यांवर उतरवून ठेवली होती. मूळ वह्या वाळवीने खाल्ल्या आणि काकाही आता नाहीत. चतुर्थीला सगळे जमलो तेव्हा तो संगणक लावला. संगणक सुरू झाला, पण ड्राइव्ह नुसता घरघरला. डिचोलीच्या मामेभावाने आपला ड्राइव्ह आणला. त्यात त्याच्या फ्लॉप्या उघडल्या, काकांच्या नाहीत. ‘फ्लॉप्याच गेल्या, टाकून द्या,’ असे सर्वांचे मत पडले.

टाकण्यापूर्वी एकदा पाहावे, म्हणून मी काकांचा ड्राइव्ह उघडला. तुम्हाला करायचे असेल तर मोठ्यांच्या देखरेखीखाली पुढील क्रमाने करा.

१. संगणकाची वीज बंद करून वायर काढा. पट्टीवायर कशी बसवली होती ते कागदावर काढून ठेवा. ती उलटी बसली तर ड्राइव्हचा दिवा सतत पेटून राहतो.

२. हेड पुढे-मागे नेणारा आटेदार दांडा पाहा. आमच्याकडे त्यावरचे ग्रीस सुकून घट्ट झाले होते. हेड जागचे हलतच नव्हते. ते पुसून हलक्या मशीन तेलाचा एकच थेंब द्या.

३. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या बोळ्याने हेड अलगद पुसा. वरचे हेड नाजूक असते, ते जोराने उचलू नका.

४. फ्लॉपीची पत्र्याची झडप सरकवून आतली तबकडी पाहा. आपल्या पावसाळ्यात तिच्यावर बुरशी येते. अशी फ्लॉपी मुळीच घालू नका. हेड खराब होऊन पुढच्या फ्लॉप्याही बिघडतात.

५. हेडची जागा ठरवणाऱ्या स्क्रूला हात लावू नका.

सफाईनंतर एक कोरी फ्लॉपी घेऊन तिच्यावर लिहिले. ती त्याच ड्राइव्हमध्ये वाचता आली, डिचोलीच्या ड्राइव्हमध्ये मात्र नाही. तेव्हा उलगडा झाला. काकांच्या ड्राइव्हचे हेड नेमक्या मार्गापासून किंचित सरकलेले होते. काकांनी सारे त्याच सरकलेल्या हेडने लिहिले, म्हणून ते वाचायलाही तोच ड्राइव्ह हवा होता. स्क्रू फिरवून तो ‘बरोबर’ केला असता, तर पदे हातची गेली असती.

मग प्रत्येक फ्लॉपीच्या कोपऱ्यातील छोटे भोक उघडे ठेवले, म्हणजे चुकून काही पुसले जात नाही, आणि एकेकीची पूर्ण प्रत काढली. नऊ फ्लॉप्या वाचल्या गेल्या. दोन बुरशीच्या होत्या, त्या बाजूला ठेवल्या आहेत. अक्षरे जुन्या फॉन्टमधली असल्याने प्रथम वेडीवाकडी दिसली. तो फॉन्ट त्याच संगणकात सापडला.

पालकांनो, घरात फ्लॉप्या असतील तर त्या लिहिणारा ड्राइव्ह भंगारात देऊ नका आणि येत्या पावसाळ्यापूर्वी प्रती काढून घ्या. मुलांनो, दुरुस्तीचा पहिला धडा हाच: यंत्र कशाने अडले ते कळेपर्यंत काहीही फेकू नये.