वर्गणी आणि विमा

घरात दुखणी दोन प्रकारची येतात. ताप, खोकला, जुलाब, रक्तदाब ही नित्याची दुखणी. हृदयविकार किंवा मोठी शस्त्रक्रिया यांचा प्रसंग क्वचित येतो. परंतु आला म्हणजे बैलजोडी विकूनही भागत नाही. या दोहोंची तजवीज एकाच उपायाने होईल काय, याचा विचार आम्ही येथे करणार आहोत.

विम्याचे तत्त्व सरळ आहे. पुष्कळ घरांनी थोडेथोडे द्यावे आणि ज्या मोजक्या घरांवर संकट कोसळेल त्यांना त्यातून साहाय्य मिळावे. संकट विरळ असते, म्हणूनच हप्ता अल्प असू शकतो. ताप मात्र प्रत्येक घरी येणारच! त्याचा प्रत्येक हिशेब विमा संस्थेकडे धाडावयाचा म्हटल्यास कागदपत्रांचाच खर्च वाढेल व तो अखेर हप्त्यात येईल. म्हणून नित्याच्या दुखण्यास वर्गणी बरी. अमेरिकेत काही कुटुंबे आपल्या डॉक्टरास दरमहा ठराविक वर्गणी देतात व इस्पितळाच्या खर्चासाठी निराळा विमा ठेवतात.

ही कल्पना आपल्यास परकी नाही. वर्धा जिल्ह्यात सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयातील डॉ. उल्हास जाजू यांनी १९८० च्या सुमारास आसपासच्या गावांत ज्वारीच्या वर्गणीची योजना चालविली. शेतकऱ्याच्या हाती रोकड नसली तरी सुगीत धान्य असते, हे त्यामागील मर्म होय. ज्याची जमीन अधिक, त्याची ज्वारी अधिक. सभासदास गावातच आरोग्यसेवकाकडून प्राथमिक उपचार मिळत आणि रुग्णालयातही सवलत असे.

आपल्या कर्नाटकातील यशस्विनी योजना २००३ साली कार्यान्वित झाली. सहकारी संस्थांच्या सभासदांनी आरंभी वर्षाला माणशी ६० रुपये भरावे आणि शस्त्रक्रियेचा भार योजनेने उचलावा, अशी तिची रचना होती. २०१८ साली ती सरकारी आरोग्य योजनेत विलीन झाली. २०२२ साली तिचे पुनरुज्जीवन झाले. तिचा मुख्य रोख मोठ्या दुखण्यावर आहे.

आपल्या बिदर-कलबुर्गी भागातील जुन्या घरांत रोजच्या भाकरीसाठी कणगी असे आणि दुष्काळासाठी जमिनीतील पेव. रोजच्या दळणासाठी कोणी पेव उघडीत नसे. आणि केवळ कणगीच्या भरवशावर दुष्काळही निघत नसे. वर्गणी ही कणगी, विमा हे पेव. केवळ विम्याचे कार्ड जवळ आहे म्हणून निर्धास्त राहणारा मनुष्य वाढता रक्तदाब अंगावर काढतो व पुढे पक्षाघाताने अंथरुणास खिळतो. कार्डामुळे इस्पितळाचा खर्च कदाचित भागेल. गेलेला हात परत येईलच असे नाही.

वर्गणीची सोय नसेल तेथे कणगीचे काम सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्राकडून करून घ्यावे. विद्यार्थी मित्रांनो, आज घरी दोन प्रश्न विचारा : आपल्या कार्डात कोणते उपचार बसतात? आणि आजोबांचा रक्तदाब शेवटी केव्हा मोजला होता? दुसऱ्याचे उत्तर न मिळाल्यास त्यांना घेऊन उद्याच केंद्रात जा.