जुनी पिकअप बांधायची, तर इंजिन बदलावं की बांधावं?

रोहिणखेडसारख्या गावात पिकअप नुसती उभी राहत नाही. सकाळी भाजीपाला, दुपारी खताची पोती, संध्याकाळी मका किंवा सोयाबीन, आणि दिवाळीनंतर कापूस. मोताळा, मलकापूर, खामगाव या बाजारांच्या फेऱ्यांवर अनेक घरांचा महिन्याचा खर्च चालतो. बुलढाण्याला माल घेऊन जायचं, तर राजूर घाट चढावा लागतो. तिथे जुनी गाडी काळा धूर सोडत पहिल्या गिअरवर आली, की मालकाला गॅरेजवाल्यांकडून एकच सल्ला मिळतो: "इंजिन टाका दुसरं."

हा सल्ला ऐकण्याआधी दोन गोष्टी तपासा: चेसिस आणि कागद. इंजिन हा गाडीचा सर्वांत महाग भाग वाटतो, पण ते बांधता येतं. गंजून गेलेली चेसिस आणि आरसीवर न जुळणारा इंजिन क्रमांक मात्र पुढे कितीही पैसे घातले तरी त्रासच देतात. म्हणून इथे खर्चाचा हिशेब त्याच क्रमाने मांडला आहे. आकडे २५०० ते ३००० सीसीच्या, जुन्या पद्धतीच्या डिझेल पंपाच्या पिकअपसाठी आहेत. बोलेरो पिकअप डीआय आणि टाटा २०७ डीआय या त्यातल्या नेहमीच्या गाड्या. हे दर अंदाजाचे आहेत. गाव, मिस्त्री आणि सुट्या भागांचा दर्जा यांनुसार ते वर-खाली होतील, म्हणून निदान दोन ठिकाणी लेखी अंदाजपत्रक घ्या.

पहिला खर्च: तपासणीचा

गाडी रिकामी करून रॅम्पवर किंवा खड्ड्यावर घ्या. हातोडीने चेसिसच्या दोन्ही पट्ट्या ठोकत जा. मागच्या कमानीचे हँगर, हौद्याखालचे आडवे पट्टे आणि जुन्या वेल्डिंगचे जोड इथे हातोडी विशेष लावा. खणखणीत आवाज आला तर लोखंड शाबूत आहे. बसका आवाज आला आणि गंजाचे पापुद्रे सुटले, तर आत पोकळी आहे. हँगरजवळ भेग असेल आणि तिच्यावर आधीच दोनदा वेल्डिंग झालेलं असेल, तर तिथेच थांबा. अशा गाडीला नवं इंजिन देणं म्हणजे जास्त ताकद कमकुवत सांगाड्यावर घालणं.

त्यानंतर इंजिन. थंड इंजिन सुरू करा, गरम होऊ द्या, आणि चालू असतानाच ऑइल भरायचं झाकण काढून तोंडावर तळहात धरा. थोडी वाफ येणं साहजिक आहे. हाताला धक्के देत फुसफुस हवा आली, तर पिस्टन-रिंग आणि लाइनर झिजलेत. धुराचा रंगही पाहा. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळतंय. काळा धूर म्हणजे डिझेल पूर्ण जळत नाही, आणि हा दोष पुष्कळदा एअर फिल्टर, नोझल किंवा पंपात असतो. पांढरा धूर गरम झाल्यावरही राहिला आणि रेडिएटरचं पाणी कमी होत गेलं, तर हेड गॅस्केट किंवा हेडला तडा असण्याची शक्यता धरा. काळ्या धुरासाठी कुणी थेट इंजिन बदलायला सांगत असेल, तर आधी नोझल काढून पंपवाल्याकडे दाखवा. पुष्कळदा दुखणं तिथेच निघतं आणि खर्च दहा-पंधरा हजारांच्या आत बसतो.

मार्ग १: आहे तेच इंजिन बांधणं

ब्लॉकला तडा नसेल, तर हाच मार्ग सर्वांत सरळ. इंजिन क्रमांक तोच राहतो, म्हणून आरटीओकडे जावं लागत नाही. हेड उघडल्यावर लाइनरच्या वरच्या कडेवरून नख फिरवा. नख अडकेल अशी पायरी पडली असेल, तर नुसत्या रिंगा बदलून भागणार नाही. पिस्टन-लाइनरचा पूर्ण सेट लागेल. क्रँक मायक्रोमीटरने मोजून घ्या. जुन्या बेअरिंगच्या पाठीवर ०.२५ किंवा ०.५० असा आकडा कोरलेला असतो. तो दिसला तर क्रँक आधी एकदा किंवा दोनदा ग्राइंड झाली आहे, आणि पुढच्या ग्राइंडिंगला किती जागा उरली आहे ते लेथवाल्याला विचारा.

- पिस्टन, लाइनर, रिंग सेट: १०,००० ते १६,००० रु.
- मेन आणि बिगएंड बेअरिंग: ३,००० ते ५,००० रु.
- क्रँक ग्राइंडिंग, पॉलिश: २,००० ते ४,००० रु.
- हेडचं काम (व्हॉल्व, गाइड, फेसिंग): ६,००० ते १२,००० रु.
- ऑइल पंप, वॉटर पंप, टायमिंगचे भाग: ५,००० ते १०,००० रु.
- फुल गॅस्केट सेट आणि सील: ३,००० ते ५,००० रु.
- डिझेल पंप आणि नोझल, कॅलिब्रेशनसह: ८,००० ते १८,००० रु.
- इंजिन ऑइल, फिल्टर, कूलंट: ४,००० ते ५,००० रु.
- मजुरी: १२,००० ते १८,००० रु.

एकूण ५३,००० ते ९३,००० रुपये. पंप-नोझलचं काम 'पुढच्या वेळी' म्हणून टाळू नका. नव्या पिस्टनवर जुना टपकणारा नोझल बसवला, तर पिस्टनचं डोकं जळतं आणि सगळा खर्च पुन्हा येतो.

मार्ग २: त्याच जातीचं जुनं इंजिन टाकणं

ब्लॉक फुटला असेल, कनेक्टिंग रॉड बाहेर आला असेल किंवा क्रँक वाया गेली असेल, तरच हा विचार करा. भंगार बाजारातलं इंजिन 'चालू' म्हणून मिळतं, पण आतली झीज उघडल्याशिवाय कळत नाही.

- इंजिन: ४५,००० ते ८०,००० रु.
- उतरवणं, चढवणं: ८,००० ते १२,००० रु.
- माउंटिंग, होजपाइप, सायलेन्सरचा जोड: ५,००० ते १०,००० रु.
- उघडून गॅस्केट, बेअरिंग, ऑइल: १०,००० ते १५,००० रु.
- कागदपत्रं आणि फेऱ्या: ३,००० ते ५,००० रु.

एकूण ७१,००० ते १,२२,००० रुपये. म्हणजे आपलंच इंजिन पूर्ण बांधण्यापेक्षा हे महाग पडतं, आणि त्यात दुसऱ्याच्या वापराची झीज आपल्या गळ्यात येते. घ्यायचंच असेल, तर विक्रेत्याच्या सहीचं, इंजिन क्रमांक लिहिलेलं बिल आणि मूळ गाडी भंगारात गेल्याचा पुरावा मागा. क्रमांकाची पाटी घासलेली किंवा पुन्हा कोरलेली वाटली, तर स्वस्त असलं तरी हात लावू नका. चोरीच्या गाडीचं इंजिन निघालं, तर पोलिस आधी तुमच्या दारात येतात.

मार्ग ३: दुसऱ्याच जातीचं इंजिन

महाराष्ट्रात या मार्गाची जुनी परंपरा आहे. पेट्रोल परवडेनासं झाल्यावर पेट्रोल जीपमध्ये डिझेल इंजिन बसवण्याची लाट आली. पुण्याच्या बजाज टेम्पोच्या मॅटाडोरचं डिझेल इंजिन त्यासाठी विशेष मागणीत होतं. पुढे महिंद्रानेही प्यूजोच्या इंजिनाच्या डिझेल जीप बाजारात आणल्या. त्या काळातले मिस्त्री आजही गावोगावी आहेत आणि त्यांचा हात पक्का आहे. पण आज परिस्थिती वेगळी आहे.

देशभर भारत स्टेज ४ हे उत्सर्जन मानक १ एप्रिल २०१७ पासून आणि भारत स्टेज ६ हे १ एप्रिल २०२० पासून लागू झालं. नव्या कॉमन रेल इंजिनाला ईसीयू, सेन्सर, वेगळं वायरिंग, जास्त दाबाचा पंप हे सगळं बरोबर लागतं. जुन्या पंपाच्या गाडीत ते बसवताना बेल हाउसिंग जुळत नाही, रेडिएटर पुरत नाही, पुढच्या धुऱ्यावर वजन वाढतं, आणि क्राउन-पिनियनचं गुणोत्तर चुकलं तर घाटात ताकद असूनही गाडी ओढत नाही. ब्रेक मात्र जुन्या वजनाचेच राहतात. खर्च सव्वा लाखापासून सुरू होतो आणि कुठे थांबेल ते मिस्त्रीलाही सांगता येत नाही.

कायदा काय म्हणतो

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. इंजिन बदललं तर नोंदणी प्राधिकरणाला १४ दिवसांत कळवून आरसीवर नोंद करून घ्यावी लागते. आपल्यासाठी ते म्हणजे बुलढाण्याचं उपप्रादेशिक परिवहन कार्यालय, ज्याचे क्रमांक एमएच-२८ ने सुरू होतात. काम करण्याआधीच तिथे जाऊन विचारणं आणि परवानगी घेणं शहाणपणाचं. गाडीवर बँकेचा किंवा फायनान्स कंपनीचा बोजा असेल, तर त्यांची लेखी संमती आधी लागेल.

परवानगीशिवाय केलेल्या बदलासाठी २०१९ च्या दुरुस्तीने कलम १८२-अ आणलं. मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. पण खरं नुकसान अपघाताच्या दिवशी होतं. आरसीवरचा इंजिन क्रमांक आणि गाडीतला क्रमांक जुळला नाही, की विमा कंपनीला दावा अडवायला आयतं कारण मिळतं.

वार्षिक खर्चही धरा. आठ वर्षांपुढच्या मालवाहू गाडीला फिटनेस दरवर्षी करावं लागतं, आणि जुन्या गाडीसाठी त्याचं शुल्क वयाच्या टप्प्यांनुसार वाढतं. हे दर अलीकडे बदलत राहिलेत, म्हणून चालू दर कार्यालयातच विचारा. आठ वर्षांपुढे पर्यावरण कर येतो. थर्ड पार्टी विम्याचा २०२२ च्या दरपत्रकातला हप्ता ७,५०० किलो एकूण वजनापर्यंतच्या मालवाहू गाडीसाठी १६,०४९ रुपये होता, आणि त्यावर जीएसटी वेगळा. दहा वर्षांची डिझेल गाडी बंद होणार, असं ऐकून घाबरून गाडी विकू नका. तो नियम दिल्ली परिसरासाठीचा आहे.

इंजिनापलीकडचा खर्च

- क्लच सेट: ७,००० ते १२,००० रु.
- चारही चाकांचे ब्रेक: ८,००० ते १५,००० रु.
- कमानी, बुश, शॅकल: १०,००० ते २०,००० रु.
- स्टीअरिंग आणि पुढचे जोड: ५,००० ते १२,००० रु.
- हौद्याचा पत्रा आणि खालचे पट्टे: २५,००० ते ४५,००० रु.
- केबिनचं पत्राकाम, रंग: २०,००० ते ४०,००० रु.
- वायरिंग, बॅटरी: १०,००० ते १५,००० रु.
- चार टायर: २६,००० ते ३६,००० रु.
- रेडिएटर: ४,००० ते १०,००० रु.

बेरीज १,१५,००० ते २,०५,००० रुपये. मार्ग १ धरला तर पूर्ण गाडी १,६८,००० ते २,९८,००० रुपयांत उभी राहते. यावर १५ टक्के हाताशी ठेवा, कारण पत्रा कापल्यावर आणि गिअरबॉक्स उघडल्यावर काहीतरी नवं निघतंच.

पैसे टप्प्याटप्प्याने घालायचे असतील, तर ब्रेक, स्टीअरिंग आणि टायर आधी, इंजिन आणि क्लच त्यानंतर, हौदा मग, आणि रंग सर्वांत शेवटी.

परतावा कसा मोजायचा

समजा, गाडी महिन्याला १,२०० किलोमीटर चालते. झिजलेल्या इंजिनावर ती लिटरला ९ देते आणि बांधल्यावर १२ देईल. ९ च्या हिशेबाने १३३ लिटर लागतात, १२ च्या हिशेबाने १००. महिन्याला ३३ लिटर वाचले. ९० रुपये दराने सुमारे ३,००० रुपये. इंजिनाचा खर्च ७३,००० आला, तर नुसत्या डिझेलच्या बचतीतून तो दोन वर्षांत निघतो. वरून घालावं लागणारं ऑइल आणि मोडलेल्या फेऱ्या यांत धरलेल्या नाहीत. तुमच्या गाडीचे आकडे घालून हाच हिशेब वहीत करा. महिन्याला ३००-४०० किलोमीटरच चालत असेल, तर पूर्ण बांधणी परवडत नाही. नोझल-पंप आणि ब्रेक नीट करून गाडी चालवा.

आणखी एक मोजमाप ठेवा. एकूण खर्च, तशाच पण चांगल्या चालत्या आणि कागद पूर्ण असलेल्या गाडीच्या बाजारभावाच्या ६० टक्क्यांपुढे जात असेल, तर आपली गाडी विकून तीच घ्यावी.

काम देताना

- उन्हाळ्यात काम काढा. हरभरा आणि तूर बाजारात गेल्यावर आणि पेरणीच्या खतांची धावपळ सुरू होण्याआधी गाडीला सवड असते.
- एक तृतीयांश रक्कम आगाऊ, एक तृतीयांश इंजिन सुरू झाल्यावर, बाकी माल भरून राजूर घाट चढून आल्यावर.
- काढलेले सगळे जुने भाग परत मागा. लाइनर, बेअरिंग समोर ठेवून नवीन कोणते घातले ते बिलाशी ताडा.
- सुट्या भागांची पक्की बिलं घ्या. स्वतः गाडी चालवून पोट भरणाऱ्याने त्यासाठी विकत घेतलेला माल ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या संरक्षणात येतो. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा. पुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. बिल नसेल तर यांपैकी काहीच उपयोगी पडत नाही.
- पहिले ५०० ते १,००० किलोमीटर इंजिनाला ताण देऊ नका. कुटार, कडबा, रिकामा बारदाना असा आकाराने मोठा पण वजनाने हलका माल आधी वाहा, पोती नंतर. पहिलं ऑइल लवकर बदला आणि हेडचे बोल्ट पुन्हा तपासून घ्या.

पिकअप ही शेतकरी घरातली कमावती वस्तू आहे, आणि तिच्यावर घातलेला पैसा बहुतेक वेळा पिकाच्या पैशातून किंवा उसनवारीतून येतो. म्हणून गॅरेजच्या दारात घाईने होकार देऊ नका. चेसिस शाबूत, कागद स्वच्छ आणि ब्लॉक चांगला असेल, तर आपलंच इंजिन चांगल्या मिस्त्रीकडून बांधून घ्या. यांतली पहिली गोष्ट नसेल तर गाडी सोडा, दुसरी नसेल तर आधी कागद सरळ करा, आणि फक्त तिसरी नसेल तेव्हाच त्याच जातीचं, बिलासह, आरटीओच्या परवानगीने दुसरं इंजिन टाका.