शेवटचे झाड



इंग्रजांच्या राज्यात कोकणातले कित्येक लोक मजुरीसाठी मॉरिशस बेटावर गेले. त्याच देशात रॉड्रिग्ज नावाचे लहान बेट आहे. तेथे एक रानकॉफी होई. फुले पांढरी, चांदणीसारखी. जगात दुसरीकडे ती नव्हतीच. जंगल तुटले, शेळ्यांनी रोपे खाल्ली. झाड संपले, असे सर्वांना वाटले.

१९८० च्या सुमारास तेथल्या एका गुरुजींनी शाळेत या झाडाचे चित्र दाखवले. एका मुलाने घराजवळची डहाळी आणून दिली. तेच झाड! पण एकच उरलेले. बातमी पसरली. लोक औषधासाठी फांद्या तोडू लागले. शेवटी भोवती कुंपण घालावे लागले.

१९८६ साली काही फांद्या इंग्लंडातल्या क्यू बागेत नेल्या. एक जगली. फुलली, पण कित्येक वर्षे बी धरेना. माळ्यांनी हाताने पराग लावला, तेव्हा बी धरले. रोपे बेटावर परत गेली.

आपण कामठ्याची माणसे बियाण्याचे धान आधी बाजूला काढतो, मग खातो. रानातल्या झाडाचेही तसेच समजा. तोडण्याआधी पाहा, असे दुसरे झाड जवळपास आहे काय?

प्रश्न : झाड सापडल्यावरही कुंपण का घालावे लागले?