बोटीवरची संगणक परिषद : व्यापाऱ्याने शिकण्यासारखा हिशेब

देवळाली कॅम्प : आमच्या गावाला समुद्र नाही. मुंबईचा धक्का येथून रेल्वेने सुमारे एकशे ऐंशी किलोमीटर. तरीही या गावाचा बोटीशी संबंध जुना आहे. इंग्रजांच्या काळात नोकरीची मुदत संपलेले गोरे शिपाई मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहत येथील छावणीत पडून असत. फौजेच्या बोटी हिवाळ्याच्या मोसमात सुटत. ज्याची मुदत उन्हाळ्याच्या तोंडावर संपली, त्याला पुढच्या मोसमापर्यंत थांबणे भाग पडे. काम नाही, वरून ऊन, आणि वेळ जाता जात नाही. त्यात काहींची डोकी फिरली. त्यावरूनच इंग्रजी भाषेत देवळालीच्या नावाचा अपभ्रंश होऊन 'डूलॅली', म्हणजे डोके फिरलेला, हा शब्द रूढ झाला.

दुसरे उदाहरण आपल्या बुजुर्गांचे. १९९५ साली समुद्रमार्गे हजयात्रा बंद झाली. त्यापूर्वी लोक मुंबईहून बोटीने जिद्दाला जात. समुद्रावरचे ते दिवसही रिकामेच होते. पण जाणकार माणसाभोवती बसून लोक हजचे अरकान शिकून घेत. वेळ दोघांकडेही सारखाच होता. एका ठिकाणी त्याला काम लावून दिले होते, दुसऱ्या ठिकाणी नव्हते. आज ज्या धंद्याची माहिती आम्ही वाचकांपुढे ठेवत आहोत, तो याच फरकावर उभा आहे.

परिषद कशी भरली

मे २००० मध्ये कॅनडातील व्हँकूव्हर बंदरातून 'व्होलेंडाम' नावाची प्रवासी बोट अलास्काकडे निघाली. बोट हॉलंड अमेरिका या कंपनीची. तिच्यावर नेहमीच्या सहलीच्या प्रवाशांबरोबर शंभराहून अधिक संगणक प्रोग्रॅमर होते. ते 'पर्ल' ही संगणकाची भाषा शिकण्यासाठी आले होते. ही भाषा १९८७ मध्ये लॅरी वॉल यांनी तयार केली, आणि ते स्वतः बोटीवर हजर होते. ही परिषद भरवणारे गृहस्थ नील बाउमन. त्यांच्या कंपनीचे नाव 'गीक क्रूझेस'. पुढच्याच वर्षी, २००१ मध्ये, त्यांनी कॅरिबियन समुद्रात 'लिनक्स' या प्रणालीवर अशीच परिषद भरवली. तिला लिनक्सचे जनक लायनस टोरवाल्ड्स आले होते.

बोटीवर परिषद भरवण्याची कल्पना त्याहूनही जुनी आहे. १९३३ साली युरोपातील वास्तुरचनाकारांनी आपली परिषद 'पॅट्रिस २' या बोटीवर, फ्रान्सच्या मार्सेय बंदरातून अथेन्सला जाता-येता भरवली. आपल्या चंदीगड शहराचा आराखडा ज्यांनी पुढे केला, ते ल कॉर्बुझिए तिच्यात होते.

बाउमन यांच्या परिषदेचे वेळापत्रक समजून घेण्यासारखे आहे. बोट ज्या दिवशी बंदराला लागते त्या दिवशी शिकवणी नाही. सर्वांनी खाली उतरावे, फिरावे. बोट ज्या दिवशी खुल्या समुद्रात असते, त्या दिवशी वर्ग. सहलीच्या प्रवाशाला समुद्रावरचा दिवस लांबतो. तोच दिवस परिषदेने कामाला लावला. शहरातील परिषदेत दुपारच्या जेवणानंतर निम्मे लोक बाजारात निघून जातात. बोटीवरून जायचे कुठे? जेवणाच्या टेबलावरही गुरू आणि शिष्य समोरासमोर. वर्गात जो प्रश्न विचारायला संकोच वाटतो, तो माणूस जेवताना विचारतो.

धंद्याचा गाभा

बाउमन यांच्या मालकीची बोट नव्हती, सभागृह नव्हते की भटारखाना नव्हता. हे सर्व बोट कंपनीकडे आधीच तयार असते. तिला फक्त केबिनी भरायच्या असतात. म्हणून गटासाठी एकदम बऱ्याच केबिनी राखणाऱ्याला कंपनी दरात सवलत देते आणि ठराविक जागांमागे एक जागा फुकटही देते. त्या फुकट जागेवर शिक्षक जातो. परिषदवाला प्रवासाचे पैसे कंपनीला पोचते करतो आणि शिक्षणाचे शुल्क वेगळे घेतो.

आमच्या कापडवाल्यांच्या भाषेत सांगायचे तर हा गाठ उचलून मीटरने विकण्याचा व्यवहार आहे. गाठ घाऊक दराने मिळते हे खरे, पण जो माल अंगावर राहील तो आपलाच. आकड्यांत पाहू. हे आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत.

समजा, ३० जागा राखल्या. भाडे माणशी २०,००० रुपये, शिक्षणाचे शुल्क माणशी ६,००० रुपये. १५ जागांमागे एक फुकट, म्हणजे दोन शिक्षकांची सोय झाली. शिक्षकांचा मेहनताना ६०,०००, साहित्य आणि छपाई ३०,००० आणि किरकोळ २०,००० मिळून खर्च १,१०,०००. शुल्काचे आले १,८०,०००. शिल्लक ७०,००० रुपये.

आता समजा, ३० ऐवजी २२ जण आले. शुल्क १,३२,०००. फुकट जागा एकच उरली, म्हणून दुसऱ्या शिक्षकाचे भाडे २०,००० खिशातून. खर्च झाला १,३०,०००. शिल्लक फक्त २,०००. शिवाय जागा परत करण्याची मुदत टळली असेल, तर आठ जागांची प्रत्येकी ५,००० रुपये अनामत गेली. म्हणजे ४०,००० गेले, आणि अखेर ३८,००० रुपयांचा तोटा. आठच माणसे कमी आली, आणि सत्तर हजारांचा नफा अडतीस हजारांच्या तोट्यात गेला. म्हणून या धंद्यात भाड्याच्या दरापेक्षा जागा परत करण्याची तारीख अधिक पाहावी लागते.

आमचा स्वतःचा अनुभव

हे शहाणपण आम्हांला पुस्तकातून आलेले नाही. १ जुलै २०१७ पासून जीएसटी लागू झाला आणि वहीखात्यावर चालणाऱ्या आमच्यासारख्यांची पंचाईत झाली. बिल संगणकावर, साठ्याची नोंद संगणकावर. मुलांना येत होते ते अर्धवट. आम्हांला तेवढेही नाही. २०२१ पासून मुंबईहून 'एम्प्रेस' ही मोठी प्रवासी बोट सुटू लागली होती आणि बाजारात बोटीच्या सहलींची चर्चा होती. पुढच्या वर्षी एका एजंटाने सुचवले की, गोव्याची बोट घ्या, एक शिक्षक बरोबर न्या. जाता-येता मुले बिलिंग आणि साठ्याचा हिशेब शिकतील. कल्पना आम्हांला पसंत पडली. आम्ही बारा दुकानदारांकडून पैसे गोळा केले आणि अनामत भरली.

तारीख पाहिली नाही. ती ऐन लग्नसराईत आली. कापडाच्या दुकानात लग्नसराईला मालकाचा मुलगा गल्ला सोडून बोटीवर जाईल काय? पाच जणांनी माघार घेतली. एजंटाला बोल लावता येत नाही; शर्त छापील कागदावर होती, आम्हीच ती वाचली नव्हती. सात जणांत शिक्षकाचा खर्च बसेना, म्हणून बेत रद्द झाला आणि सर्वांची अनामत बुडाली.

पैशापेक्षा पुढचे अधिक लागले. बुडालेली रक्कम कोणाची? माघार घेतलेले म्हणाले, तुम्ही तारीख चुकीची घेतली. राहिलेले म्हणाले, तुम्ही त्यांच्याकडून लिहून का घेतले नाही? दोघांचेही बरोबर होते. वीस वर्षांचा शेजारी दुकानदार आमच्याशी चार महिने बोलला नाही. लोकांनी विश्वासाने दिलेली रक्कम ही अमानत असते. म्हणून आम्ही ती सर्वांना हप्त्याहप्त्याने आमच्या खिशातून परत केली.

भाडे स्वस्त का असते?

आणखी एक गोष्ट आपल्या वाचकांनी ध्यानात घ्यावी. मोठ्या बोटींचे उत्पन्न केवळ भाड्यावर चालत नाही. बोटीवरचा बार, कॅसिनो, दुकाने आणि बंदरावरच्या सहली यांतून त्यांची चांगली कमाई होते. म्हणून जेवणासहित भाडे काही वेळा चांगल्या हॉटेलपेक्षाही कमी भासते. तरुण मुले बरोबर न्यायची तर संध्याकाळचा कार्यक्रम आपणच आखावा. जेवणातील मांस हलाल आहे किंवा नाही, हे तोंडी न विचारता लेखी विचारून घ्यावे.

इंटरनेटचेही तसेच. त्या काळी बोटीवरचे इंटरनेट उपग्रहामार्फत चाले, मंद आणि महाग. आज उपग्रह सुधारले, तरी भर समुद्रात दुकानासारखे नेट मिळेल या भरवशावर वर्ग ठरवू नये. सॉफ्टवेअर आणि सरावाची बिले घरूनच लॅपटॉपमध्ये भरून न्यावीत.

अनामत देण्यापूर्वी विचारावयाचे प्रश्न

१) जागा परत करण्याची शेवटची तारीख कोणती, आणि त्या तारखेनंतर किती रक्कम बुडते?

२) किती जागांमागे एक फुकट? माणसे कमी झाली तर ती फुकट जागा जाते काय?

३) वर्गासाठी खोली, पडदा आणि वीज यांचे वेगळे पैसे आहेत काय? खोली कोणत्या वेळेत मिळेल?

४) बोट समुद्रावर पूर्ण दिवस किती असते? एकाच रात्रीचा प्रवास असेल तर शिकवणार केव्हा?

५) हवामानामुळे बोटीचा मार्ग बदलला किंवा फेरी रद्द झाली तर पैसे केव्हा आणि कसे परत मिळतील?

६) आपल्यापैकी कोणी माघार घेतली तर नुकसान कोणी सोसायचे? हे आपसांत कागदावर लिहून सह्या घ्याव्यात. भाऊ असो वा भागीदार.

बोट नसली तरी

बेत फसल्यानंतर आम्ही विचार केला की, बोटीवर नेमके काय मिळणार होते? गल्ल्यापासून दूर राहणे, एका छपराखाली जेवणे आणि झोपणे, आणि शिक्षक संध्याकाळीही हाताशी असणे. यात पाण्याचा संबंध कोठे येतो? देवळालीची हवा चांगली म्हणून येथे जुनी सॅनेटोरियमे आणि बंगले आहेत. आम्ही लग्नसराई संपून पाऊस लागल्यावर, धंदा मंद असताना, दोन रात्रींसाठी एक बंगला घेतला. बाप आणि मुलगा अशा नऊ जोड्या आल्या. दुकानाचे फोन एका डब्यात ठेवले. फक्त दुपारी तासभर मोकळीक. शिक्षकाने आमच्याच दुकानांची जुनी बिले सरावाला घेतली. दुसऱ्या रात्री जेवणानंतर चार बुजुर्ग शिक्षकाला घेरून बसले आणि दिवसा विचारायला लाजत होते ते सारे विचारून घेतले. आम्हीही त्यांतलेच. परत आलेल्या मालाची नोंद कशी करायची, ते आम्हांला त्या रात्री उमगले.

पैसे घेण्यापूर्वी या वेळी आम्ही एक कागद केला होता. त्यावर सर्वांच्या सह्या होत्या, आणि पहिली सही त्या शेजाऱ्याची होती.

कोणा व्यापारी बंधूंना बोटीवरच परिषद भरवायची असेल तर जरूर भरवावी. धंदा खोटा नाही. फक्त आपला मंदीचा मोसम पाहून तारीख घ्यावी, येतील त्याहून कमी माणसे धरून हिशेब मांडावा, आणि दुसऱ्याचा पैसा हाती घेण्यापूर्वी तोटा कोणाचा ते लिहून ठेवावे.