ऊन, सावळा रंग आणि सनस्क्रीन



एप्रिल ते जून हे कडक उन्हाचे महिने. भीमजयंतीला अभिवादनाची रांग, बुद्ध पौर्णिमेचे कार्यक्रम, लग्नसराई सगळे याच दिवसांत येते आणि रोजचे काम तर कोणालाच चुकत नाही. उष्माघात होऊ नये म्हणून पाणी प्यावे, हे आता घरोघरी माहीत आहे. उन्हाने त्वचेचे काय होते याबद्दल मात्र वस्तीत दोनच वाक्ये ऐकू येतात. एक, "उन्हात फिरून काळी पडली." दुसरे, "अमुक क्रीम लाव, गोरी होशील." या दोन्ही बोलण्यांत रंगाची काळजी आहे, त्वचेची नाही. या अंकात आपण त्वचेची काळजी समजून घेऊ.

ऊन त्वचेला काय करते?

उन्हात डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण असतात. त्यांचे दोन प्रकार आपल्यापर्यंत पोहोचतात. त्यांना यूव्हीबी आणि यूव्हीए म्हणतात. यूव्हीबी किरण त्वचा भाजतात आणि ते दुपारी सर्वांत तीव्र असतात. यूव्हीए किरण त्वचेत खोल शिरतात. ते दिवसभर असतात, ढगांतून आणि खिडकीच्या काचेतूनही आत येतात. वर्षानुवर्षे सोसलेल्या उन्हामुळे त्वचा राठ होते, सुरकुत्या लवकर पडतात, डाग येतात. मोतीबिंदू लवकर होण्यामागेही हे एक कारण असते.

त्वचा काळवंडते तेव्हा ती मेलॅनिन नावाचे रंगद्रव्य जास्त तयार करत असते. हे तिचे स्वतःला वाचवण्याचे काम आहे. म्हणजे काळवंडणे ही घाण नाही आणि घासून काढायचा मळही नाही.

सावळ्या त्वचेला ऊन बाधत नाही का?

बाधते, पण वेगळ्या रीतीने. आपल्या त्वचेतले मेलॅनिन हे निसर्गाचे संरक्षण आहे. त्यामुळे गोऱ्या लोकांच्या देशांत उन्हामुळे होणारा त्वचेचा कर्करोग जितका आढळतो, तितका तो आपल्याकडे आढळत नाही. पण डाग आपल्या त्वचेवर लवकर पडतात आणि जायला फार वेळ घेतात. गालांवर, कपाळावर येणारे तपकिरी वांग हे त्याचे नेहमीचे उदाहरण. गरोदरपणात किंवा पाळणा लांबवण्याच्या गोळ्या चालू असताना ते जास्त येतात आणि उन्हाने गडद होतात. मुरमांचे डागही उन्हाने काळे पडतात.

ज्यांना कोड आहे, त्यांच्या पांढऱ्या चट्ट्यांत मेलॅनिन नसते, म्हणून ते चट्टे पटकन भाजतात. जन्मतः सर्वांग पांढरे असलेल्या व्यक्तींना तर त्वचेच्या कर्करोगाचाही धोका मोठा असतो. घरात असे कोणी असेल तर सनस्क्रीनचा पहिला हक्क त्यांचा.

काही औषधांनीही त्वचा उन्हाला हळवी होते. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून चालल्यावर लेप्टोसाठी डॉक्सीसायक्लिनची गोळी दिली जाते, ती त्यांतलीच. गोळी जरूर घ्यावी, पण त्या दिवसांत उघड्या अंगाने उन्हात जाऊ नये.

आधी बिनपैशाचे उपाय

सनस्क्रीन हा शेवटचा थर आहे. त्याआधी सावली आणि कापड.

आपली सावली आपल्या उंचीपेक्षा लहान पडत असेल, तर ऊन तीव्र आहे असे समजावे. साधारण १० ते ४ ही ती वेळ. भाजीची गाडी, नाक्यावरचे काम, सफाई, कचरा वेचणे, डिलिव्हरी करणाऱ्यांना ही वेळ टाळता येत नाही, हे आम्ही जाणतो. त्यांनी निदान जेवणाची आणि बसण्याची जागा सावलीत ठेवावी. बांधकामावर सावलीची आणि पाण्याची सोय मागणे ही मेहरबानी मागणे नव्हे, तो कामगाराचा हक्क आहे. एकट्याने बोलणे जड जात असेल तर चार जणांनी मिळून मुकादमाशी बोलावे.

कापड घट्ट विणीचे हवे. दिव्यासमोर धरून पाहावे. जितका उजेड आरपार दिसेल, तितके ऊनही आत येईल. विरळ, झिरझिरीत ओढणी एकेरी घेण्यापेक्षा दुहेरी घ्यावी. पूर्ण बाह्यांचा सैल सुती सदरा, मान झाकणारा रुमाल आणि रुंद काठाची टोपी एवढ्याने बरेच काम होते. समोर छज्जा असलेल्या टोपीने कान आणि मान झाकली जात नाही.

सनस्क्रीन घ्यायचे तर कसे निवडावे?

ट्यूबवर एसपीएफचा आकडा असतो. तो भाजणाऱ्या यूव्हीबी किरणांसाठी. एसपीएफ ३० नीट लावले तर असे सुमारे ९७ टक्के किरण अडतात, ५० लावले तर सुमारे ९८ टक्के. फरक थोडाच आहे, म्हणून मोठ्या आकड्यासाठी जास्त पैसे मोजण्याची गरज नाही. ३० पुरेसे, दिवसभर उन्हात असणाऱ्यांनी ५० घ्यावे. यूव्हीएसाठी 'पीए' लिहिलेले असते आणि पुढे अधिक चिन्हे असतात. तीन किंवा चार चिन्हे असलेले घ्यावे. घाम येणाऱ्यांनी पाण्याने न निघणारे घ्यावे. वांग असलेल्यांना रंगीत सनस्क्रीन अधिक उपयोगी पडते, कारण त्यातले लोहाचे ऑक्साइड साध्या उजेडालाही अडवते आणि त्या उजेडानेही वांग वाढतो.

लावताना तर्जनी आणि मधले बोट, या दोन बोटांवर मुळापासून टोकापर्यंत रेघ ओढावी. तेवढे चेहरा आणि मानेला लागते. वाटाण्याएवढे लावले तर ट्यूबवरच्या आकड्याइतके संरक्षण मिळत नाही. बाहेर पडण्याआधी १५-२० मिनिटे लावावे. उन्हात असाल तर दर दोन तासांनी आणि घाम पुसल्यावर पुन्हा लावावे. कान, मान आणि हातांची पाठ विसरू नये.

या हिशेबाने ५० ग्रॅमची ट्यूब दिवसातून दोनदा वापरली तर एका माणसाला महिनाभरही पुरत नाही. म्हणून घरात सर्वांसाठी पैसे नसतील तर कोड, वांग असलेल्यांना आणि उन्हात काम करणाऱ्यांना आधी द्यावे. बाकीच्यांनी कापड आणि सावलीवर भर द्यावा. सहा महिन्यांखालच्या बाळाला सनस्क्रीन लावू नये, त्याला सावलीतच ठेवावे. ट्यूब पत्र्याखालच्या तापलेल्या फळीवर किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नये आणि मुदत संपलेली वापरू नये.

गोरेपणाच्या ट्यूबपासून सावध

सनस्क्रीनने कोणी गोरे होत नाही. ते त्याचे कामही नाही. पण 'गोरे करणारी' म्हणून मेडिकलमध्ये मिळणाऱ्या अनेक मलमांत बीटामेथासोन, क्लोबेटासॉल, मोमेटासोन यांसारखी स्टेरॉइड असतात. पहिल्या काही आठवड्यांत चेहरा उजळ दिसतो. मग त्वचा पातळ होते, लाल होते, मुरमे येतात, चेहऱ्यावर लव वाढते, उन्हात गेले की आग होते. मलम थांबवले की त्रास वाढतो, म्हणून माणूस पुन्हा तीच ट्यूब आणतो. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला. तरीही ती मागितली की मिळतात. वेष्टनावर लाल उभी रेघ असेल तर ते चिठ्ठीचे औषध आहे हे ओळखावे. नाव-पत्ता नसलेल्या क्रीममध्ये पाराही निघाला आहे आणि त्याने मूत्रपिंडाला इजा झालेले रुग्ण महाराष्ट्रातही आढळले आहेत.

चेहऱ्यावर लिंबू चोळून उन्हात जाणेही घातक आहे. लिंबाचा रस आणि ऊन एकत्र आले की त्वचा भाजून काळे डाग पडतात.

आता एक कटू गोष्ट. जातीची उतरंड आपण नाकारली, पण मुलगी पाहायला जाताना "रंगाने जरा कमी आहे" असे आपल्याही घरांत बोलले जाते. १४-१५ वर्षांच्या मुली गुपचूप ही मलमे लावतात, ते अशाच बोलण्यामुळे. बायोडाटातून रंगाचा रकाना काढून टाकणे, हाही आरोग्याचा उपाय आहे.

डॉक्टरांकडे कधी जावे?

• फिकट चट्टा, ज्यावर स्पर्श किंवा टोचलेले कळत नाही. हा कुष्ठरोग असू शकतो. त्याची औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात आणि तो पूर्ण बरा होतो.
• महिनाभर न भरणारी जखम, वाढणारा किंवा रक्त येणारा तीळ. तळपायाचे आणि नखाखालचे नवे काळे डागही दाखवावेत.
• ऊन लागले की गालांवर लाल पुरळ, सोबत सांधेदुखी किंवा ताप.
• महिनोन्‌महिने स्टेरॉइड मलम लावले असेल तर ट्यूब सोबत घेऊन जावे आणि लपवू नये.

सरकारी आणि महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत त्वचारोगाची ओपीडी असते. वस्तीतल्या चार जणींनी मिळून एकाच दिवशी जावे, म्हणजे संकोचही वाटत नाही.

सावलीत राहा, अंग झाका, गरज असेल तिथे सनस्क्रीन पुरेसे लावा. आणि घरातल्या लेकीला एवढे नक्की सांगा की तिचा रंग हा आजार नाही, त्याला औषध लागत नाही.